गाडी एक, वस्त्या तीन

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज गणिताबद्दल बोलायचं आहे. लगेच रेडिओ बंद करू नका! हे शाळेतलं गणित नाही, तुम्ही रोज करता तेच आहे. डब्यात पीठ दोन दिवसांचं, घरात माणसं सहा, आठवडी बाजार चार दिवसांवर. कोणाच्या ताटात किती वाढायचं, हे तुम्ही कागद-पेन न घेता ठरवता. चूल एकच असते. भाकरी आधी की कालवण आधी, दूध कधी तापवायचं, पोरांची एसटी कशी गाठून द्यायची, हे सगळं तुम्ही त्या एका चुलीवर बसवता.

हेच काम लाखो माणसांसाठी आणि हजारो गाड्यांसाठी करायचं एक शास्त्र आहे. त्याला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. आपण त्याला नियोजनाचं गणित म्हणू.

त्याचा जन्म मात्र स्वयंपाकघरात झाला नाही, लष्करात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी ब्रिटनमध्ये रडार हे यंत्र नवीन आलं होतं. शत्रूची विमानं लांबून दिसायची, पण ती खबर योग्य माणसापर्यंत वेळेत पोहोचवायची कशी आणि मोजकी विमानं कुठे पाठवायची, हे कोडं होतं. तेव्हा काही शास्त्रज्ञांना यंत्र सुधारायला नव्हे, तर यंत्राचा वापर सुधारायला बसवलं. युद्ध संपल्यावर हीच पद्धत कारखाने, रेल्वे, दवाखाने यांच्या कामी आली. आपल्या देशातही १९५७ मध्ये या विषयाची संस्था निघाली. इतिहास एवढा पुरे.

पद्धत काय आहे ते एका उदाहरणावरून बघू. जवळ कागद असेल तर घ्या, नसेल तर बोटांवर मोजा.

समजा, उन्हाळ्यात पाण्याचा एक टँकर आहे, १०,००० लिटरचा. भरायची विहीर एकच. तिथून तीन वस्त्यांना पाणी द्यायचं आहे. माळवस्तीवर २०० माणसं, विहिरीपासून ४ किलोमीटर. ओढावस्तीवर ३०० माणसं, ६ किलोमीटर. डोंगरवस्तीवर १०० माणसं, ९ किलोमीटर. माणशी २० लिटर धरलं तर माळवस्तीला ४,००० लिटर, ओढावस्तीला ६,००० आणि डोंगरवस्तीला २,००० लागतं. एकूण १२,०००. टँकर १०,००० चा, म्हणजे एका खेपेत काम होत नाही. दोन खेपा कराव्या लागणार.

आता कोणत्या दोन वस्त्या एका खेपेत घ्यायच्या? माळवस्तीहून ओढावस्ती ३ किलोमीटर, ओढावस्तीहून डोंगरवस्ती ९, माळवस्तीहून डोंगरवस्ती १०. माळ आणि ओढा एकत्र घेतले तर ४ अधिक ३ अधिक परतीचे ६, झाले १३. डोंगरवस्तीची वेगळी खेप जाऊन-येऊन १८. एकूण ३१ किलोमीटर. माळ आणि डोंगर एकत्र घेतले तर सगळं मिळून ३५ होतात. ओढा आणि डोंगर एकत्र घेतले तर ३२. म्हणजे पहिली रीत स्वस्त. ३५ च्या जागी ३१, रोजचे ४ किलोमीटर वाचले. ९० दिवस टँकर चालला तर ३६० किलोमीटरचं डिझेल वाचलं.

इथे वस्त्या तीनच होत्या म्हणून हे बोटांवर झालं. एका गाडीला दहा ठिकाणी जायचं असेल तर कुठे आधी आणि कुठे नंतर, याच्या ३६ लाख २८ हजार ८०० रीती होतात. पंधरा ठिकाणं केली की हाच आकडा एक लाख तीस हजार कोटींच्या वर जातो. कोणी कितीही हुशार असो, एवढ्या रीती एकेक करून तपासता येत नाहीत. म्हणून कमी वेळात चांगली रीत सापडावी अशी गणितं शोधून काढली गेली. त्यासाठी आधी तीन गोष्टी लिहून काढायच्या असतात: आपल्या हातात काय ठरवायचं आहे, कशाकशाची मर्यादा आहे, आणि आपल्याला साधायचं काय आहे. टँकरच्या उदाहरणात खेपा ठरवायच्या होत्या, मर्यादा १०,००० लिटरची होती आणि साधायचं होतं डिझेल वाचवणं.

पण थांबा. आपण ठरवलं की खेपा दोन. त्यातली आधी कोणती? डिझेलला विचाराल तर त्याला काही फरक पडत नाही. डोंगरवस्ती आधी घ्या नाहीतर नंतर, ३१ ते ३१च. फरक डोंगरवस्तीवरच्या बाईला पडतो. टँकर दुपारी येणार असेल तर ती पिंपापाशी अडकते, तिचा खुरपणीचा रोज बुडतो. तिचा तो रोज आपण गणितात लिहिलाच नव्हता. “कोणत्याही वस्तीला दहाच्या पुढे थांबावं लागू नये” अशी एक ओळ मर्यादांच्या यादीत घातली की उत्तर बदलतं. ती ओळ घालायची की नाही, हे गणित सांगत नाही. कागद ज्याच्या हातात असतो तो ते ठरवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात हे वारंवार दिसेल, म्हणून हे ध्यानात ठेवा.

आता टँकरवरून ताटाकडे येऊ, कारण या शास्त्रातलं एक गाजलेलं गणित जेवणाचंच आहे.

अमेरिकेत जॉर्ज स्टिगलर नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. १९४५ मध्ये त्यांनी एक प्रश्न मांडला: ७० किलो वजनाच्या, बऱ्यापैकी हालचाल करणाऱ्या माणसाला सगळे पोषक घटक मिळतील असं अन्न वर्षभर कमीत कमी किती पैशात देता येईल? त्यांनी ७७ पदार्थांची यादी घेतली आणि प्रथिनं, कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं असे नऊ घटक मोजायला घेतले. आकडेमोड करून, पदार्थ गाळून गाळून त्यांनी उत्तर काढलं: १९३९ च्या भावांप्रमाणे वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. आणि ताटात काय? गव्हाचं पीठ, आटवलेल्या दुधाचे डबे, कोबी, पालक आणि पांढरा सुका घेवडा. वर्षाचं पीठ १६८ किलो, घेवडा जवळजवळ १३० किलो, कोबी ५० किलो, पालक दहा किलोच्या आसपास आणि दुधाचे डबे ५७. संपलं! मीठ नाही, तेल नाही, गोड तर नाहीच. घेवडा रोजचा साडेतीनशे ग्रॅम पडतो. पोटाचं काय होईल ते मी सांगायला नको. स्टिगलरनीही स्पष्ट लिहिलं होतं की हा आहार कोणी खावा अशी शिफारस नाही. पण कोबी आणि घेवडा स्वस्तात पोट भरतात, पोषणही देतात, हे त्यातून दिसलंच.

हे उत्तर सगळ्यांत स्वस्त आहे याची त्यांना खात्री देता येत नव्हती. ती खात्री देणारी पद्धत १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिग या गणितज्ञांनी शोधली. तिचं नाव सिम्प्लेक्स. ती पहिल्यांदा तपासून बघायला स्टिगलर यांचाच प्रश्न घेतला. तेव्हा हाताशी आजच्यासारखे संगणक नव्हते. नऊ कारकून हाताने चालवायची आकडेमोडीची यंत्रं घेऊन बसले आणि एका माणसाच्या हिशेबाने १२० दिवसांचं काम झालं. उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. म्हणजे स्टिगलर अंदाजानेसुद्धा फक्त २४ सेंटांनी चुकले होते. आज तेच गणित मोबाइलवर डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

पुढची गंमत डँटझिग यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितलं. त्यांच्या मनात आलं, आपणच शोधलेली पद्धत आपल्या ताटाला लावू. एव्हाना संगणक आला होता. त्यांनी सांगितलं की उष्मांक मर्यादेत राहू देत, पण पोट भरल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून पाणी सोडून बाकीचं वजन जास्तीत जास्त असेल असे पदार्थ निवड. संगणकाने उत्तर दिलं: रोज ५०० गॅलन व्हिनेगर प्या. म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर शिरका! कारण यादीत व्हिनेगरच्या नावापुढे पाणी शून्य असं लिहिलेलं होतं. संगणकाला वाटलं, हा पदार्थ पोट भरतो आणि उष्मांकही नाहीत, मग कितीही घ्या.

त्यांनी यादीतून व्हिनेगर काढलं. पुढचं उत्तर आलं, रोज २०० वड्या. कसल्या? पाण्यात टाकून सूप करतात त्या खारट मसाल्याच्या वड्या. त्यांनी तीन वड्या पाण्यात घालून पाहिल्या, तर तोंडात धरवेना. मग वड्यांवर मर्यादा घातली. मग कोंडा आला, रोज जवळजवळ एक किलो. तो आवरला तर काकवी आली, तीही तेवढीच. शेवटी त्यांच्या पत्नीने संगणकाचे कागद हातात घेतले, त्यातल्या चार कामाच्या गोष्टी उचलल्या आणि आपल्या पद्धतीने रोजचं जेवण ठरवलं. त्यांचं वजन २२ पौंडांनी, म्हणजे दहा किलोंनी उतरलं.

यात संगणक कुठेही चुकला नव्हता. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलं. माणूस शिरका पिऊन जगत नाही, ही गोष्ट कोणी लिहूनच दिली नव्हती, कारण ती लिहायची असते असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोक्यात अशा शेकडो न लिहिलेल्या ओळी असतात. सासऱ्यांना दात नाहीत, धाकट्याला वांगं चालत नाही, गुरुवारी उपास असतो. नियोजन करणारी माणसं त्या बाईला विचारत नाहीत, तेव्हा व्हिनेगरसारखी उत्तरं येतात आणि योजना म्हणून खाली येतात.

हे हसण्यावारी गेलं, पण हेच गणित आज भुकेल्या माणसांपर्यंत पोहोचतं. संयुक्त राष्ट्रांची जागतिक अन्न कार्यक्रम नावाची संस्था आहे. रोममध्ये तिचं मुख्य कार्यालय आहे आणि २०२० चा शांततेचा नोबेल पुरस्कार तिला मिळाला. युद्ध, दुष्काळ, पूर आला की ही संस्था धान्य पोहोचवते. हिशेब माणशी रोज साधारण २,१०० उष्मांकांचा धरतात. शिध्यात धान्य, डाळ, तेल, मीठ आणि लहान मुलांसाठी पोषक पीठ असं असतं.

पूर्वी काम असं चाले की आहारतज्ज्ञ शिधा ठरवत, मग खरेदीवाले तो कुठून घ्यायचा ते बघत आणि त्यानंतर वाहतूकवाले बंदर आणि रस्ता ठरवत. प्रत्येक जण आपापलं काम नीट करत असे. पण समजा शिध्यात जी डाळ लिहिली ती शेजारच्या देशात महाग झाली आहे, आणि तेवढंच पोषण देणारा दुसरा घेवडा जवळच्या बाजारात स्वस्त पडून आहे. हे खरेदीवाल्याला दिसतं, पण शिधा ठरवणं त्याच्या हातात नसतं. म्हणून नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या गणितज्ञांबरोबर या संस्थेने ऑप्टिमस नावाचं एक साधन तयार केलं. त्यात शिध्यात काय घालायचं, ते कुठून घ्यायचं, कोणत्या बंदरात उतरवायचं आणि कोणत्या रस्त्याने न्यायचं, हे सगळं एकाच गणितात बसवलं. धान्य द्यायचं की लोकांच्या हातात पैसे देऊन त्यांनाच बाजारातून घेऊ द्यायचं, हाही प्रश्न त्यात घेता येतो. या कामाला २०२१ मध्ये या क्षेत्रातला मानाचा फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. इथे वाचलेल्या पैशाचा अर्थ नफा नव्हे. देणगीच्या त्याच पैशात आणखी काही घरांत चूल पेटते.

आणि व्हिनेगरचा धडा इथे कामी येतो. त्या गणितात कोणत्या पदार्थाचं प्रमाण कुठून कुठपर्यंत असावं याच्या मर्यादा घालता येतात. भात खाणाऱ्या माणसांपुढे स्वस्त आहे म्हणून नुसता मका ओतला, तर कागदावर पोषण पूर्ण होतं आणि पोती बाजारात विकली जातात. बाईच्या हातात ते शिजवायला सरपण आहे का, वेळ आहे का, हेही आलंच.

हे सगळं ऐकून वाटेल की यासाठी मोठं संगणकाचं घबाड लागतं. तसं नाही. मला या विषयातली सगळ्यांत आवडती गोष्ट ही आहे.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात म्हाताऱ्या, आजारी, घराबाहेर न पडू शकणाऱ्या माणसांना दुपारचं जेवण घरपोच देणारी एक सेवाभावी संस्था होती. जेवण गरम असायला हवं, म्हणजे वेळेत पोहोचायला हवं. अडचण अशी की यादी सतत बदलायची. कोणी बरं व्हायचं, कोणी दवाखान्यात जायचं, कोणी जगाचा निरोप घ्यायचं आणि त्यांच्या जागी प्रतीक्षा यादीतलं नवं नाव यायचं. दर वेळी गाड्यांचे रस्ते नव्याने आखायचे. संस्थेत संगणक नव्हता, घ्यायला पैसे नव्हते.

तिथल्या जॉर्जिया टेक या संस्थेतले दोन प्राध्यापक, जॉन बार्थोल्डी आणि लॉरेन प्लॅट्झमन, यांनी सहकाऱ्यांबरोबर यावर एक तोड काढली. १९८३ मध्ये ती छापून आली. ती समजायला ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. बोट न उचलता, एकच रेघ वळत वळत सगळ्या ठिपक्यांजवळून नेता येते अशी रांगोळी असते ना, तशी एक रेघ त्यांनी शहराच्या नकाशावर कल्पिली. गणितात अशा रेघा १८९० पासून माहीत आहेत. ही रेघ पूर्ण नकाशा भरून टाकते. मग नकाशावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा मिळतो: रेघेवर चालत गेलं तर ही जागा किती अंतरावर लागते. ज्यांचे आकडे जवळ, ती घरं बहुतेक करून एकमेकांच्या जवळ.

झालं. प्रत्येक माणसाच्या नावाची दोन कार्डं केली. एक नावाच्या अक्षराप्रमाणे लावायचं, दुसरं या आकड्याप्रमाणे. नवं माणूस आलं की नकाशावर त्याची जागा बघायची, तक्त्यात आकडा शोधायचा आणि कार्ड त्या आकड्याच्या ठिकाणी खोचायचं. माणूस गेलं की दोन्ही कार्डं काढायची. सकाळी आकड्याच्या गठ्ठ्याचे, जितके ड्रायव्हर तितके, सारखे भाग करायचे आणि एकेकाच्या हातात एकेक भाग द्यायचा. कार्डं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने घरं घेत जायचं. सगळा खर्च पन्नास डॉलरच्या आत.

हा रस्ता सगळ्यांत जवळचा असतो का? नाही. अशा पद्धतीने आखलेला रस्ता उत्तमात उत्तम रस्त्यापेक्षा साधारण पावपट लांब निघतो. पण तो कोणालाही आखता येतो, आणि काल गेलेल्या माणसाचं कार्ड आज सकाळी काढता येतं. मला विचाराल तर महिन्यातून एकदा तज्ज्ञाने आखून दिलेल्या बिनचूक रस्त्यापेक्षा, रोज सकाळी ऑफिसातल्या ताईंना स्वतः बदलता येणारा रस्ता जास्त कामाचा.

आता मोबाइलकडे वळू. तुमची मुलं पुण्या-मुंबईला असतील तर ती ॲपवरून रिक्षा बोलावतात, घरी जेवण मागवतात. तिथे माणूस आणि गाडी यांची जोडी कोण लावतं? हेच गणित.

समजा सुमन आणि रेखा दोघींना रिक्षा हवी आहे आणि दोनच रिक्षा मोकळ्या आहेत. पहिली रिक्षा सुमनपासून १ मिनिटावर आणि रेखापासून २ मिनिटांवर. दुसरी सुमनपासून २ मिनिटांवर, पण रेखापासून ९ मिनिटांवर. सुमनने आधी बटण दाबलं म्हणून तिला जवळची, म्हणजे पहिली रिक्षा दिली, तर रेखाला ९ मिनिटं थांबावं लागतं. दोघींचं मिळून १०. तेच काही सेकंद थांबून दोघींची मागणी एकत्र बघितली आणि सुमनला दुसरी, रेखाला पहिली दिली, तर दोघी २-२ मिनिटं थांबतात. मिळून ४. सुमनचं एक मिनिट गेलं, रेखाची सात वाचली. मोठी ॲपं अशीच थोडा वेळ मागण्या गोळा करून मग जोड्या लावतात. जोड्या लावायची एक जुनी पद्धत १९५५ मध्ये हॅरॉल्ड कून यांनी मांडली. हंगेरीतल्या दोन गणितज्ञांच्या कामावर ती उभी होती, म्हणून कून यांनी तिला हंगेरियन पद्धत असंच नाव दिलं.

पण इथेही विचारा की साधायचं काय आहे. गिऱ्हाईकाचं थांबणं कमी करायचं, की कंपनीचा नफा वाढवायचा? उन्हात चौकात मोटारसायकलवर बसून पुढच्या ऑर्डरची वाट बघणाऱ्या पोराचं थांबणं गणितात धरलं आहे का? ते धरलं नाही तर त्याचा वेळ फुकट समजला जातो, आणि फुकटची वस्तू गणित सढळ हाताने वापरतं, व्हिनेगरसारखी. तुमच्या गटाचा माल एखाद्या ॲपवर चढवायचा असेल तेव्हाही हेच विचारायचं: आमचा माल यादीत वर कधी दिसतो, आणि ते कशावरून ठरतं?

शेवटचं उदाहरण आपल्या दाराशी येणाऱ्या गाडीचं. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते. गाड्या मोजक्या, गावं पुष्कळ. मग गाडी उभी कुठे करायची? समजा एका रस्त्यावर दोनच गावं आहेत. एक ५,००० वस्तीचं आणि तिथून २० किलोमीटरवर दुसरं ५०० वस्तीचं. सगळ्या माणसांचं सरासरी अंतर कमीत कमी करायचं म्हटलं, तर उत्तर सरळ येतं: गाडी मोठ्या गावात ठेवा. सर्वांत लांबच्या माणसाचं अंतर कमीत कमी करायचं म्हटलं, तर गाडी मधोमध, १० किलोमीटरवर. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. आणखी एक रीत अशी की ठरावीक मिनिटांत जास्तीत जास्त माणसांपर्यंत गाडी पोहोचेल अशा जागा निवडायच्या. तीही वापरतात. तिच्यात मात्र त्या मिनिटांच्या जरा पलीकडचं गाव आणि खूप पलीकडचं गाव सारखंच मोजलं जातं, दोन्ही नापास.

सरासरी ऐकली की सावध व्हायचं. “तालुक्यात गाडी सरासरी वीस मिनिटांत पोहोचते” असं कोणी म्हणालं, तर त्यात मोठ्या गावातल्या पाच मिनिटांच्या पुष्कळ फेऱ्या मिसळलेल्या असू शकतात. लांबच्या वाडीवरच्या बाळंतिणीची एक फेरी त्यात विरघळून जाते. ग्रामसभेत विचारायचं असेल तर असं विचारा: सर्वांत उशीर कुठे झाला आणि किती झाला?

हे विचारायला आपल्याकडेही आकडे हवेत. “टँकर उशिरा येतो” म्हटलं की साहेब मान हलवतात. तेच “गेल्या पंधरा दिवसांत नऊ वेळा टँकर बारानंतर आला” म्हटलं की वही बघायला मागतात. गटातल्या एकीने ही वही ठेवावी. शिकलेली मुलगी असेल तर तिच्याकडे द्या. तारीख, गाडी कुठून निघाली, कुठे कधी पोहोचली, किती पिंपं भरली, किती राहिली, एवढे रकाने पुरतात. गटाची भाजी किंवा दूध बाजारात जात असेल तर त्याच वहीत गाडीभाडं आणि रिकाम्या आलेल्या खेपाही लिहा. शेजारच्या दोन गावांच्या गटांनीही अशी वही ठेवली, तर तीन वह्या शेजारी ठेवून एक गाडी तिघींत कशी वाटून घेता येईल, ते टँकरच्या गणितासारखं मांडून बघता येईल. ३१, ३२, ३५ अशा बेरजाच करायच्या आहेत. आणि बेरजा करायच्या आधी मर्यादांच्या यादीत आपापल्या ओळी घाला: कोणीला अंगणवाडीत अकराला पोहोचायचं असतं, कोणाच्या घरी दुपारी म्हशीची धार असते.

आणखी एक. गाडी पोहोचल्याची वेळ लिहिताना निघाल्याची वेळही लिहा. दोन्ही असल्या तरच कळतं की उशीर रस्त्यात झाला, की गाडी मुळात विहिरीवरूनच उशिरा सुटली.